हॉर्न वाजला होता, मृणाल

मृणाल, तुला ऐकू आलं होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण तू गेल्यापासून जो तो माझ्याजवळ येऊन दोनातली एक गोष्ट सांगतो. एक तर बिचारीला ऐकूच आलं नसेल. नाहीतर मग ट्रकवाल्याने हॉर्न दिलाच नसेल. दोन्ही खोटं आहे. त्या रस्त्यावर तुझ्या मागे मी होते, तुझी पाठ बघत होते. हॉर्न वाजला तशी तुझी मान ताठ झाली, पाठीवर बांधलेली हरणाची मांडी हिंदकळली, आणि तू उडी मारलीस. जीव वाचवायला मारलीस आणि थेट ट्रकच्या तोंडात मारलीस.

काल मी तुझ्या घरी जाऊन काय बोलले ते तुला सांगायला हवं. तुझ्याबद्दल तुझ्या पाठीमागे काही बोलायची वेळ आपल्यावर कधी आली नव्हती. तू समोर असायचीस आणि मी तोंडावर बोलायचे. आता तू नाहीस, म्हणून लिहून बोलते.

तुझ्या नवऱ्याने, सलीलने, पोलिसांना सांगितलं होतं की हॉर्न वाजला असता तर मृणाल बाजूला झाली असती, कारण तिचे कान तिखट होते. तिखट म्हणे! तुझ्या फार्मसीत काउंटरच्या डाव्या अंगाला गिऱ्हाईक उभं राहिलं की तू खोकल्याचं नाटक करून उजवा कान पुढे करायचीस, ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याच्या त्या एका वाक्यावर ट्रक चालवणाऱ्या विरेमूचं सगळं टांगलेलं होतं. हॉर्न न देता वळणावर एका बाईला चिरडलं, असं ठरलं असतं तर त्याचं लायसन्स गेलं असतं, केस झाली असती, आणि पुढे आयुष्यभर टौरंगाच्या बंदरावर लाकूड उतरवताना लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. रस्त्यावर तिसरं माणूस मी एकटीच होते.

आपली पहिली भेट आठवते? देशापासून इतक्या लांब, टौरंगाचा तो भाड्याचा हॉल, गणपतीची मिरवणूक कार पार्कमध्येच, आणि तू कमरेला ढोल बांधून पथकाच्या पुढे. मी कानावर हात ठेवून भिंतीला चिकटले होते. तू वाजवणं थांबवून माझ्याकडे आलीस.

"काय हो, सोसत नाही का?"

"छातीला सोसतं. कानाला नाही."

तू कमरेच्या पिशवीतून कापसाची गुंडाळी काढलीस, दोन बोळे तोडून माझ्या हातावर ठेवलेस. "घ्या. आमच्या पथकात सगळे हेच घालतात. बोळा घातला की कानाला काही होत नाही."

मी तो कापूस तुला परत दिला आणि म्हटलं, कापसाने आवाज अडत असता तर इचलकरंजीत एकही माणूस बहिरा झाला नसता, आमच्या गावात कापसाला तोटा नाही. तू एवढ्या जोरात हसलीस की ताशावाला चुकला. तिथून आपलं जमलं.

माझा बाप मागावर होता. हे मी कुणालाही सांगते, मान वर करून सांगते. शेडमध्ये यंत्रमागांच्या दोन रांगांच्या मध्ये उभं राहून त्याने जन्म काढला. धोटा इकडून तिकडे आपटायचा, दिवसभर, रात्रपाळीला रात्रभर. चाळिशीतच त्याचे, आमच्या आबांचे, कान गेले. आमच्या घरी कुणी हळू बोलत नसे. प्रेमाचं बोलणंही भांडणासारखं मोठ्याने व्हायचं आणि शेजारीपाजारी ते ऐकत बसायचे. मी घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली, पहिली इंजिनियर. पदवीदानाच्या दिवशी माझं नाव पुकारलं ते आबांना ऐकू आलं नाही. आईने त्यांच्या मांडीवर थाप मारली तेव्हा ते टाळ्या वाजवायला लागले, आणि तोवर पुढच्या मुलीचं नाव झालं होतं. म्हणून कान म्हटलं की माझं डोकं तापतं. किवी फळांच्या पॅकहाउसमध्ये मी यंत्रांचं मेंटेनन्स बघते. तिथे कुणी कानांवर मफ न घालता फळं निवडणाऱ्या ग्रेडरच्या जवळ आला तर मी त्याला बाहेर काढते, मग तो मॅनेजर का असेना.

आणि तू! बी. फार्म., पुण्याची, काउंटरवर गल्ल्याशेजारी फोमचे इअरप्लग टांगून विकणारी. बदकांच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी ते रांगडे शेतकरी यायचे तेव्हा तू त्यांना स्वतः सांगायचीस, "धिस इज हीप्स बेटर दॅन नथिंग, डार्लिंग. पिळून बारीक कर, कान वर ओढ, आत घाल, फुगेपर्यंत धरून ठेव." आणि शनिवारी जंगलात गेलीस की खिशातून कापूस.

तुझ्या एका गिऱ्हाइकाने हरणाचे सॉसेज आणून दिले, त्यातून हे सगळं सुरू झालं. तू म्हणालीस, खायचं तर आपण मारलेलं खायचं. सलीलने हात झटकले, त्याला रक्त बघवत नव्हतं. मग मला ओढलंस. बंदुकीच्या लायसन्सच्या वर्गात आपण दोघीच बायका, दोघीच सावळ्या, आणि तिथल्या माणसाने विचारलं की नवरे बाहेर गाडीत थांबलेत का. तू म्हणालीस, "नो, दे आर ॲट होम, मेकिंग चपाती." मला वाटतं त्याने ते खरं धरलं.

पहिलं हरीण मला अजून दिसतं. तुझी गोळी पोटात बसली. ते उभ्याने वाकलं, मग मागचे पाय ओढत नेच्यात घुसलं, आणि आपण त्याचा माग काढत गेलो, पानांवर हिरवट घाण आणि रक्त. ओढ्याकाठी ते पडलं होतं, डोळे उघडे, तोंडातून फेस. परत गोळी घालायला जागा नव्हती. तू सुरी काढलीस. मंगळसूत्र रक्तात लोंबू नये म्हणून दातात धरलंस आणि त्याच्या मानेवर गुडघा देऊन गळा कापलास. त्याने लाथ मारली, तुझी मांडी काळीनिळी झाली, तू सोडलं नाहीस. मग कोथळा बाहेर काढताना कोपरापर्यंत लाल हात घेऊन तू थरथरत होतीस आणि हसत होतीस, दोन्ही एकदम, मंगळसूत्र अजून दातात. मी ओकले. ओकून झाल्यावर पाय धरून उलटं करायला तुला मदत केली. त्या दिवसापासून मी तुझी मैत्रीण झाले. आपली मैत्री तुला सोज्वळ करून कुणाला सांगायची मला इच्छा नाही.

इथे रायफलला सायलेन्सर लावायला मोकळीक आहे आणि बहुतेक जण लावतात. त्यानेही आवाज पुरता मरत नाही, मफ घालावाच लागतो, पण निदान कान फाटत नाही. तू तुझा सायलेन्सर काढून कपाटात टाकलास. काय तर झाडीत अडकतो.

"खरं सांग," मी म्हटलं.

"खरं सांगू? बार झाल्यासारखा वाटला पाहिजे, सुरेखा. छातीत बसला पाहिजे. फुस्स करून काय मारायचं, झुरळ आहे का?"

तुला तो आवाज आवडत होता. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं तेच चाप ओढल्यावर यायचं. मी तुला कितीदा सांगितलं की ढोल आणि रायफल ही बरोबरी नाही. ढोलाचा आवाज कानाला थकवत नेतो, कान आतून थोडा आवळून घेतो, थोडा तरी बचाव करतो. गोळीच्या आवाजाला कान आवळायला वेळच मिळत नाही. तो आला म्हणजे गेला, आणि जाताना आतले बारीक केस मोडून जातो. ते केस परत उगवत नाहीत. तू उजव्या खांद्यावर रायफलचा दस्ता टेकवतेस, गाल उजव्या बाजूला लावतेस, मग डावा कान नळीकडे होतो. प्रत्येक बार त्याच्या तोंडावर. उजव्याला निदान तुझ्याच डोक्याचा आडोसा आहे. मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं होतं. तू कागदावर सफरचंद कापलंस.

"माझ्या कानाला सवय झालीय," तू म्हणालीस. "आता पूर्वीसारखं दुखत नाही."

"दुखत नाही कारण दुखणारं मेलंय."

"तुझ्या बापावरून तू जगाचे कान धरू नकोस."

हे तू बोललीस तेव्हा मी उठून गेले होते. त्या भांडणाचं उत्तर राहिलं ते आता देते. माझ्या बापाने कान घालवले ते आम्हाला खायला घालायला. त्याच्या शेडमालकाने त्याला कापूससुद्धा दिला नाही. तुझ्या गल्ल्याशेजारी प्लगांची अख्खी फळी टांगलेली होती. त्याच्याकडे इलाज नव्हता, तुझ्याकडे होता, आणि तू मजेपायी घालवलेस. हे तुला मेल्यावरही ऐकून घ्यावं लागेल.

मग तो ओढ्यावरचा दिवस. मी पाणी प्यायला मफ काढून खाली वाकले होते, आणि पलीकडच्या काठावर नर दिसला म्हणून तू माझ्या डोक्याच्या शेजारून बार काढलास. न सांगता. जग पांढरं झालं. मी उठले, मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता, कानात पत्रा कापत होता कुणीतरी. तू ओठ हलवत होतीस, "लागली, लागली!" असं काहीसं. मी तुझ्या थोबाडीत मारली. पूर्ण ताकदीने. तुझ्या कानातला बोळा उडून पाण्यात पडला. तू मला परत मारलीस. मग आपण दोघी बायका, संसारी, नोकरदार, त्या थंडगार पाण्यात एकमेकींचे केस धरून लोळत होतो आणि पलीकडे ते हरीण पाय झाडत मरत होतं. त्या थोबाडीत मारण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मी वाचले. माझ्या कानातली शिट्टी आठवड्याने थांबली. तुझी थांबत नव्हती, हे मात्र त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

ते कळलं गेल्या उन्हाळ्यात. कड्यावर आपण वाट बघत बसलो होतो. माझा मफ बॅटरीवरचा, बारीक आवाज मोठा करून ऐकवणारा आणि बार झाला की झटक्यात बंद होणारा. तू त्याला नेहमी हसायचीस, डोक्यावर दोन वाट्या म्हणून. त्या दिवशी कंटाळून म्हणालीस, बघू दे तुझ्या वाट्या. मी दिल्या. तू चढवल्यास. आणि मग मान हळूहळू वळवायला लागलीस, झाडाकडे, पायाखालच्या पाचोळ्याकडे. एक पिवाकावाका पक्षी पंख्यासारखी शेपूट उघडझाप करत आपल्या डोक्यावर चिवचिवत होता. तू त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतीस.

"हे ओरडतात?" तू म्हणालीस.

"हो की. सारखे."

"मला वाटायचं, हे मुके असतात."

मग मफ ओरबाडून काढलास आणि माझ्या अंगावर फेकलास. "खोटा आवाज आहे हा. मशीनचा." तू रडत होतीस आणि दगडावर मुठी आपटत होतीस, बोटांची सालं निघेपर्यंत. बऱ्याच वेळाने सगळं सांगितलंस. डावा कान जवळजवळ गेलाय. उजवा अर्धा. हॅमिल्टनला जाऊन गुपचूप तपासून आलीस, टौरंगात ओळखीचे फार म्हणून. कानात दिवसरात्र किंकाळी चालू असते आणि कधी कधी वाटतं की भिंतीवर डोकं आपटून ती बाहेर पाडावी. फार्मसीत भीती वाटते, कुणी डाव्या बाजूने औषधाचं नाव सांगितलं तर, म्हणून दरवेळी लिहून मागतेस.

"मशीन बसव कानाला," मी म्हटलं.

"बायका बघतील. पथकातल्या पोरी बघतील. सलील म्हणेल बंदूक सोड."

"मग सोड."

"घरी सांगू नकोस, सुरेखा. शपथ घे."

"शपथ घेत नाही. मला विचारलं कुणी तर मी खोटं बोलणार नाही."

"कुणी विचारणारच नाही," तू म्हणालीस.

तू घरी स्वतः सांगशील म्हणून मी वाट बघत होते आणि भेटलीस की दरवेळी टोकत होते. तू दरवेळी म्हणायचीस, हा रोअर होऊ दे. नर हरणं माजावर येऊन डरकाळ्या फोडतात तो सीझन. तो होऊ दे, मग मशीन बसवते, मग सांगते. रोअर आला.

त्या सकाळी नर कसा डरकत होता ते मी तुला खुणांनी दाखवत होते. तुला तो दिसला तेव्हाच कळला. एकच गोळी, खांद्यामागे, जागच्या जागी कोसळला. इतका स्वच्छ बार तू कधी काढला नव्हतास. कानात कापूस, नळीला सायलेन्सर नाही. आपण मांड्या आणि पाठीचं मांस पाठीवर बांधून खाली खडीच्या रस्त्याला लागलो. रायफली रिकाम्या केल्या. रक्त तुझ्या शर्टातून पाझरून पँटवर आलं होतं. तू पुढे, रस्त्याच्या मधून, थोडी उजवीकडे. माझा पट्टा सुटला म्हणून मी कडेला थांबले.

ट्रक मागून आला. वळणावरून, लाकडं भरून, उतारावर. मला आधी ऐकू आला. मी ओरडले. त्याने मला बघितलं, मग तुला बघितलं. हॉर्न दिला. लांब, मोठा. आणि तुला वाचवायला ट्रक डावीकडे घेतला, कारण तू उजवीकडे होतीस आणि डावीकडे मोकळं होतं. साध्या माणसाने मागे वळून बघितलं असतं. तुझा एकच कान चालत होता, उजवा, त्यामुळे जगातला प्रत्येक आवाज तुला उजवीकडूनच यायचा. पुढे उजव्या हाताला जंगलातला फाटा होता. तू त्या फाट्याकडे बघितलंस. ट्रक तिथून येतोय असं तुला वाटलं, मला ते तुझ्या मानेवरून दिसलं. आणि तू त्या आवाजापासून लांब, डावीकडे उडी मारलीस.

पुढचं मी एकदाच लिहिते. आधी मांस फाटल्याचा आवाज आला, आणि मी स्वतःला सांगितलं की हरणाचं आहे. मग चाकाखालून खडी उडाली, लाकडं साखळीत करकरली, ट्रक तिरका होत खूप पुढे जाऊन थांबला. रस्त्यावर तुझं रक्त आणि हरणाचं रक्त वेगळं करता येत नव्हतं. मी केलं. मला माहीत होतं कुठलं कुणाचं. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा उजव्या कानातला कापूस तसाच होता, पांढरा. तो मी काढला. वेड्यासारखी त्या कानात बोलत राहिले. काय बोलले ते सांगत नाही.

विरेमू चालत आला आणि रस्त्यावर गुडघ्यावर बसला. चाळिशीचा धिप्पाड माणूस. तो इथल्या मूळ लोकांतला, त्याने त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली, मग माझ्याकडे बघून लहान पोरासारखं म्हणत राहिला, "आय टूटेड, सिस्टर. आय टूटेड ॲट हर." मी म्हटलं, "आय नो. आय हर्ड." पोलिसांनाही मी तेवढंच सांगितलं, हॉर्न वाजला म्हणून. तू तिकडे का उडी मारलीस हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही.

तुझ्या अंत्यसंस्काराला तो आला होता. बायको, बहीण आणि म्हातारी आई घेऊन. त्यांच्यात असं तोंड चुकवत नाहीत. हॉलच्या दाराशी उभे राहिले, आत बोलावण्याची वाट बघत. सलील बाहेर गेला. मला वाटलं, हात जोडेल. त्याने विरेमूच्या तोंडावर ठोसा मारला. मग आणखी एक. नाकातून रक्त आलं. विरेमूने हात वर केले नाहीत, खाली सरळ सोडून उभा राहिला आणि मार घेत राहिला. त्याची आई पुढे होऊन मुलाच्या पाठीला हात लावून उभी राहिली. आपली माणसं, मृणाल, आपली शिकलेली माणसं, सलीलला आवरायचं सोडून म्हणत होती, "बरं केलं." मी सलीलच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे ओढला. त्याचं कोपर माझ्या ओठावर बसलं. टाके पडले.

त्यानंतर सलीलचा फोन आला. पोलीस बाई परत येणार आहेत, तुलाही बोलावतील. "तू एवढंच सांग सुरेखा, नक्की आठवत नाही. धक्क्यात होते. एवढं करशील ना तिच्यासाठी?"

तिच्यासाठी! मी रात्रभर त्या शब्दावर दात खात बसले नाही, गाढ झोपले, कारण माझं ठरलेलं होतं. पण पोलिसांच्या आधी त्याला सांगणं मला भाग होतं. म्हणून काल दुपारी तुझ्या घरी गेले.

सलील किचनमध्ये होता. ईशा, तुझी लेक, जिन्यावर हेडफोन गळ्यात घालून बसली होती. मी बसलेसुद्धा नाही.

"हॉर्न वाजला, सलील. तिने ऐकला. तिचा डावा कान गेला होता. तिला आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"हॅमिल्टनला तपासून आली होती. विचार तिथे."

"मला सांगितलं असतं तिने!"

"नाही सांगितलं. तू बंदूक सोडायला लावशील म्हणून."

त्याने हातातला कप ओट्यावर आपटला, तो फुटला, मग दुसरा घेऊन भिंतीवर फेकला. "तू त्या माणसाची बाजू घेतेयस! मेलेल्या बाईला बहिरी ठरवून!" तो माझ्या इतका जवळ आला की आता मलाही मारतो असं वाटलं. मी हलले नाही. मी बहिऱ्या बापाची मुलगी आहे, मोठ्या आवाजाला भीत नाही.

"बहिरी होती ही शिवी नाही, सलील. माझा बाप आहे बहिरा. ती लपवत होती, ते तिला भोवलं. त्या माणसाने तिला वाचवायला गाडी वळवली. मी उद्या हेच सांगणार."

तेव्हा जिन्यावरून ईशा म्हणाली, "विच इअर?"

आम्ही दोघांनी वर बघितलं.

"विच इअर, मावशी?"

"डावा."

ती खाली आली. फुटक्या कपाचे तुकडे होते त्यातून अनवाणी चालत आली, मी ओरडले तरी. "दॅट्स द पॅसेंजर साइड," ती म्हणाली. "इन द कार. दॅट्स माय साइड."

सलीलला कळलं नाही. मला कळलं. गाडी तू चालवायचीस, उजव्या बाजूला बसून. शाळेत सोडायला, आणायला, पोहायला न्यायला. ती तुझ्या डाव्या हाताला.

"आय टोल्ड हर एव्हरीथिंग इन द कार," ईशा म्हणाली. "लाइक, एव्हरीथिंग. आणि ती नुसती हं म्हणायची. ऑर नथिंग. मला वाटलं तिला मी बोललेलं आवडत नाही." ती पहिल्यांदा माझ्यासमोर मराठीत इतकं बोलली. "मग मी बोलणं बंद केलं."

मृणाल, मी तुझ्यावर इतकी कधीच चिडले नव्हते, त्या ओढ्यातसुद्धा नाही. तू कान घालवलास तो तुझा होता. त्याच्या पलीकडे कोण बसलं होतं ते बघितलं नाहीस.

सलील खाली बसला, जमिनीवरच, आणि कपाचे तुकडे गोळा करायला लागला. गोळा करता करता म्हणाला, "तिचं नाक फुरफुरायचं हसताना. ईशाच्या बोलण्याला ती हसायची नाही, मी म्हणायचो तिला, पोरीशी जरा नीट वाग." मग त्याने हात पुसले, फोन काढला आणि पोलीस बाईंना लावला. माझ्यासमोर. म्हणाला, मला माझं म्हणणं बदलायचं आहे. आणि मग विचारलं की त्या ड्रायव्हरच्या घरचा पत्ता देता येईल का, मला त्याच्याकडे जायचं आहे, मारायला नाही.

ईशाच्या टाचेत काच गेली होती. मी ती काढली, चिकटपट्टी लावली. तिने पाय मागे घेतला नाही. एवढंच विचारलं, "सो शी डिडन्ट हिअर एनी ऑफ इट?"

"डावीकडून? फार थोडं."

"देन आय हॅव टू टेल हर अगेन."

ती लंगडत गॅरेजमध्ये गेली. तुझी गाडी तू उभी केलीस तशीच तिथे आहे. आम्हाला दाराचा आवाज आला, आधी उघडल्याचा, मग तिने आतून ओढून घेतल्याचा. सलील उठायला लागला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसून राहिलो. ती बराच वेळ आली नाही.